'मल्याळी पिक्चर'वर शिक्का बसला तो कसा?

आपल्याकडच्या एका पिढीला 'मल्याळी पिक्चर' म्हटलं की मॉर्निंग शोमधला अश्लील सिनेमा आठवतो, तोही घरी न सांगता पाहिलेला. अडूर गोपालकृष्णन यांच्यासारखे नावाजलेले दिग्दर्शक त्याच भाषेत सिनेमे करत होते, हे त्या तिकिटाच्या रांगेत कुणाच्या गावीही नसायचं.

सुरुवात झाली ती मुख्य धारेतच. १९७८ मध्ये आय. व्ही. शशी यांचा 'अवळुडे रावुकळ' आला. धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी देहविक्रय करणारी राजी सीमाने रंगवली. सेन्सॉरने 'ए' (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र दिलं, तरी गोष्ट गंभीर होती. भरतन यांचा, पद्मराजन यांनी लिहिलेला 'रतिनिर्वेदम'ही त्याच वर्षीचा. केरळबाहेर मात्र कथेपेक्षा पोस्टर चाललं. नुसत्या शर्टातली सीमा लोकांच्या लक्षात राहिली, राजी नाही.

पुढचं गणित पैशाचं. १९८८ चा 'आदिपापम' आदम आणि हव्वेच्या बायबलमधल्या गोष्टीवर बेतलेला, खर्च जेमतेम काही लाख, कमाई त्याच्या कित्येक पट. मग काय, स्वस्तातल्या सिनेमांची रांगच लागली. त्यातले बरेचसे तयार व्हायचे मद्रासच्या कोडंबाक्कममध्ये, आणि गाजलेल्या नायिकाही केरळच्या नव्हत्या: सिल्क स्मिता आंध्रची, शकीला मद्रासची. बदनामी तेवढी मल्याळम भाषेच्या वाट्याला आली.

खरी गंमत प्रोजेक्टर रूममध्ये होती. सेन्सॉरने पास केलेल्या प्रिंटमध्ये थिएटरवाले परस्पर अश्लील दृश्यांचा वेगळाच तुकडा घुसवत. केरळात त्याला 'तुंडु' म्हणत. चालू सिनेमाशी त्याचा संबंध असेलच असं नाही; पडद्यावरची बाईही भलतीच असे. म्हणजे प्रेक्षक ज्यासाठी पैसे मोजत होता, ते अनेकदा त्या सिनेमात नव्हतंच! पोलिसांची धाड पडली, तर तुकडा काढून ठेवला की झालं.

२००० च्या 'किन्नारत्तुंबिकळ'ने शकीलाला स्टार केलं. तिच्या सिनेमांपुढे बड्या नटांचे सिनेमे मागे पडतात, अशी ओरड सुरू झाली. काही दृश्यांत आपल्या जागी दुसरीच बाई असायची, हे तिने नंतर मुलाखतींत सांगितलं. पण शिव्या तिलाच. निर्माते आणि वितरक नामानिराळे राहिले.

ही लाट काही वर्षांतच ओसरली. सेन्सॉरने फास आवळला, शिवाय सीडी आणि इंटरनेटमुळे अशा सिनेमासाठी तोंड लपवून थिएटर गाठायची गरजच उरली नाही. शकीला पुढे विनोदी आणि छोट्या भूमिकांकडे वळली.