सीएनसी ऑपरेटर (पुणे परिसर)

संगणकाच्या नियंत्रणाखाली चालणाऱ्या लेथ किंवा मिलिंग मशीनवर धातूचे सुटे भाग बनवणारा कामगार. भोसरी, चिंचवड, तळवडे, चाकण या पट्ट्यात हातलेथवरच्या टर्नरची (हाताने लेथ चालवून धातू कातणाऱ्या कारागिराची) जागा बव्हंशी त्याने घेतली आहे.

अंकीय नियंत्रणाचे यंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९५२ मध्ये दाखवले गेले. पुण्याजवळची कारखानदारी फोफावली ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (१९६२) स्थापन झाल्यावर. मोठ्या वाहन कारखान्यांना भाग पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉप उभी राहिली आणि त्यांचा आधार होता टर्नर. हँडव्हील फिरवून फीड (टूल धातूत पुढे सरकण्याची गती) तोच देई. चिपेचा (कापून निघालेल्या धातूच्या कातरणाचा) रंग आणि कापण्याचा आवाज यांवरून टूल बोथट झाल्याचे त्याला कळे. हे कसब यायला वर्षे लागत. म्हणून असा माणूस सोडून गेला की मालकाचे काम अडे.

सीएनसीवर ही हालचाल प्रोग्राममध्ये लिहिलेली असते. जी ०० या आज्ञेने टूल वेगाने जागेवर जाते, जी ०१ ने ठरलेल्या फीडने सरळ कापते, एम ०३ ने स्पिंडल (जॉब किंवा टूल फिरवणारा मुख्य दांडा) फिरू लागतो. एका जॉबला (बनवायच्या भागाला) किती सेकंद लागतील तेही प्रोग्रामच ठरवतो. त्यामुळे ऑपरेटरला 'बटन दाबणारा' म्हणायची पद्धत पडली. ती अन्यायाची आहे. इन्सर्ट (टूलच्या टोकाचे बदलता येणारे पाते) झिजतो, सकाळी थंड असलेले मशीन दुपारपर्यंत तापते, आणि माप काही मायक्रॉनने सरकते (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मायक्रोमीटर लावून ऑफसेट (टूलच्या जागेत करायची दुरुस्ती) किती द्यायचा हे माणूसच ठरवतो. त्यात अधिक चिन्हाच्या जागी उणे पडले, तर जॉब भंगारात जातो किंवा टूल चकवर (जॉब पकडणाऱ्या भागावर) आदळते.

पगाराचे गणित मात्र या कसबाभोवती फिरत नाही. जॉबवर्क (दुसऱ्या कारखान्याचे भाग बनवून देण्याचे काम) घेणारा वर्कशॉपवाला गिऱ्हाइकाला दर सांगतो तो मशीनच्या तासाचा. त्यात कर्जाचा हप्ता, वीज, टूल यांच्या जोडीला माणसाची मजुरी बसवायची असते. एका ऑपरेटरकडे दोन मशीन दिली की ती मजुरी दोन दरांत विभागली जाते. त्याचा पगार दुप्पट होत नाही. शिवाय तो कंपनीच्या हजेरीपटावर आहे की ठेकेदाराच्या, यावरही बरेच काही ठरते.

बढतीची वाट ऑपरेटर, सेटर, प्रोग्रामर अशी आहे. सेटर नव्या जॉबसाठी जॉ (चकचे पकडणारे जबडे) आणि टूल बसवतो, मापे जिथून मोजायची तो शून्यबिंदू घेतो, पहिला पीस मापात आणतो. हातलेथवरच्या टर्नरचे कसब आज सर्वांत जास्त इथेच उरले आहे. आयटीआयचा टर्नर किंवा मशिनिस्टचा २ वर्षांचा कोर्स ड्रॉइंग वाचायला शिकवतो. सेटिंग मात्र शॉप फ्लोअरवरच येते, तेही सेटरने जवळ उभे केले तर. मराठवाड्यातून येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या, ओव्हरटाइमवर घर चालवणाऱ्या मुलाला शिफ्टनंतर कॅमचा (संगणकावर प्रोग्राम तयार करण्याच्या सॉफ्टवेअरचा) क्लास लावणे सोपे नसते. वर्षानुवर्षे एकच प्रोग्राम चालवून तो ऑपरेटरच राहतो.

विजेवरच्या दुचाकीत इंजिनाचे क्रँकशाफ्ट, पिस्टन, कनेक्टिंग रॉड लागत नाहीत. तिच्या विजेच्या मोटरचा शाफ्ट आणि गिअर मात्र याच मशीनवर बनतात, फक्त ड्रॉइंग नवे असते.