बेनिदोर्म: उंचीची मर्यादा उठली त्याची पार्श्वभूमी

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावरच्या बेनिदोर्मच्या १९५६ च्या नगररचना आराखड्यात गगनचुंबी इमारत नव्हती. या शहराविषयी काहीही वाचण्याआधी एवढं लक्षात ठेवायला हवं. लेवांते आणि पोनिएंते या दोन किनाऱ्यांमागे आज जी इमारतींची भिंत उभी दिसते, तिचं श्रेय आणि तिचा दोष सर्रास ‘छप्पन्नच्या आराखड्या’च्या खात्यावर टाकला जातो. त्या आराखड्यात होती ती रुंद रस्त्यांची चौकट आणि त्यात बागांनी वेढलेली बसकी घरं. आजचं शहर ज्या ओळीतून जन्मलं, ती त्यात सात वर्षांनी, १९६३ मध्ये, दुरुस्ती म्हणून आली.

गावाचा त्याआधीचा इतिहास लांबलचक असला तरी या गोष्टीपुरता थोडकाच लागतो. वसाहतीची सनद १३२५ ची. १६६६ मध्ये पाटाचं पाणी आलं आणि ओस पडलेलं गाव पुन्हा वसलं. पुढे इथले पुरुष समुद्रावर जगले. ट्यूना पकडायच्या ‘आल्माद्राबा’ जाळ्यांचे तांडेल म्हणून बेनिदोर्मच्या माणसांना दूरदूरच्या किनाऱ्यांवर मागणी असे. तो धंदा आटला तेव्हा, १९५० च्या सुमारास, गावात तीन हजारही माणसं नव्हती. मागे बदाम-ऑलिव्हच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतजमिनी, पुढे वाळू. आज लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास आहे आणि उन्हाळ्यात ती कितीतरी पटींनी फुगते.

तेव्हा स्पेनमध्ये निषिद्ध असलेल्या बिकिनीला परवानगी देणारे आणि त्यासाठी हुकूमशहा फ्रँकोला भेटायला स्कूटरवरून माद्रिद गाठणारे बेनिदोर्मचे नगराध्यक्ष, ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. तिच्यातलं किती खरं आणि किती नंतर चढलेलं, यावर वाद आहेत. त्या वादात मी शिरत नाही, कारण शहर घडलं ते नकाशावर. एवढ्याशा गावाने आपल्या सगळ्या हद्दीचा आराखडा करून घ्यावा, हीच त्या काळात विलक्षण गोष्ट होती. देशाचा जमीन कायदाही १९५६ चाच, म्हणजे गाव कायद्याच्या मागे नव्हतं, बरोबरीने चाललं होतं. आराखड्याने आधी रस्ते आखले, तेही तेव्हाच्या रहदारीच्या मानाने अवाढव्य. जिथे गाढवं चालत होती तिथे चाळीस मीटर रुंदीचा हमरस्ता! वेड्यात काढण्याजोगी वाटलेली ही रुंदीच पुढे कामी आली. रस्ता एकदा अरुंद राहिला की मागाहून रुंद करता येत नाही; इमारत मात्र पाडून पुन्हा बांधता येते.

आता १९६३. मधल्या काळात बरंच बदललं होतं. १९५९ च्या आर्थिक स्थैर्य योजनेने पेसेटा या तेव्हाच्या स्पॅनिश चलनाचं अवमूल्यन झालं, एका डॉलरला साठ पेसेटा मिळू लागले आणि उत्तर युरोपातल्या कामगाराला स्पेनची सुट्टी परवडू लागली. बसक्या बंगल्यांच्या गावात एवढी माणसं मावणार नव्हती. तेव्हा नगरपालिकेने उंचीची मर्यादा उठवली.

इथेच शब्दांचा घोळ सुरू होतो. ‘उंचीची मर्यादा उठवली’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हवं तेवढं बांधायला मोकळीक दिली. प्रत्यक्षात भूखंडावर किती बांधायचं याचा हिशेब बांधलेलाच राहिला. स्पॅनिशमध्ये त्याला ‘एदिफिकाबिलिदाद’ म्हणतात, आपण चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतो. कल्पना तीच, फरक इतका की त्या काळी तिकडे बांधकाम बहुधा घनफळात मोजत. म्हणजे जमिनीच्या दर चौरस मीटरमागे किती घनमीटर बांधता येईल, हे ठरलेलं. कुंपणापासून किती अंतर सोडायचं, हेही ठरलेलं. सुटला तो फक्त मजल्यांचा आकडा.

समजा, भूखंड तीन हजार चौरस मीटरचा आहे आणि त्यावर एकूण सहा हजार चौरस मीटर चटई मिळते. ती चार मजल्यांत बसवली तर प्रत्येक मजला दीड हजारांचा होतो आणि अर्धी जमीन इमारतीखाली जाते. वीस मजल्यांत बसवली तर तीनशेच चौरस मीटर जमीन लागते, नऊ-दशांश मोकळी राहते. बागा, पोहण्याचे तलाव, गाड्या उभ्या करायची जागा या उरलेल्या जमिनीतच आल्या. माणसं दोन्हीकडे सारखीच. म्हणून बेनिदोर्मच्या उंचीला गर्दीचं माप समजणं चूक आहे. गर्दी ठरते निर्देशांकाने, आणि तो किती उदार असावा हा खरा भांडणाचा मुद्दा असायला हवा होता. तो कायम उंचीच्या भांडणाखाली झाकला गेला, असं मला वाटतं.

या निर्णयावरचे आक्षेप पोकळ नाहीत. घनफळात मोजमाप असलं की प्रत्येक मजल्याचं छत खाली आणून जास्त मजले काढण्याचा मोह होतो. पहिल्या रांगेतला मालक दृश्य विकतो, मागच्या रांगेतल्याला ते गमवावं लागतं. सावलीचा आक्षेप मात्र तितकासा टिकत नाही. दोन्ही किनारे दक्षिणेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दिवसाच्या मोठ्या भागात इमारतींची सावली वाळूवर न पडता मागच्या गल्ल्यांवर पडते.

१९६७ मध्ये जवळच्या आलिकांते शहराचा विमानतळ सुरू झाला आणि वेग आला. सत्तरच्या दशकात डोंगराच्या बाजूने द्रुतगती मार्ग गेला, तीच शहराची मागची कड बनली. नंतरच्या काळात किनाऱ्यावरचे कायदे एकामागून एक बदलले. १९८८ च्या किनारा कायद्याने समुद्रालगतच्या शंभर मीटरच्या पट्ट्यात नवी घरं बंद केली. जी जमीन तेव्हाच शहरी ठरलेली होती, तिथे पट्टा वीस मीटरचा. ‘तेव्हाच शहरी’ म्हणजे नेमकी कोणती, यावर वकिलांनी वर्षं घालवली. लेवांतेच्या पूर्व टोकाला, सिएरा एलादा डोंगराच्या पायथ्याशी उभे राहिलेले दोन जुळे मनोरे याच प्रश्नात अडकले. ते पाडावेत असा निकाल लागला आणि मग अंमलबजावणीवरून नवा वाद.

बेनिदोर्म ज्यात येतं त्या व्हॅलेन्सिया प्रदेशाच्या १९९४ च्या कायद्याने त्याहून मोठी खळबळ केली. जमीन आपली नसली तरी विकासकाला योजना मांडून ती मंजूर करून घेता येऊ लागली आणि मूळ मालकांना जमिनीचा हिस्सा किंवा पैसे देणं भाग पडू लागलं. घरं गमावण्याच्या भीतीने तक्रारी थेट युरोपीय संसदेपर्यंत गेल्या. या लाटेत आसपासच्या डोंगरउतारांवर स्वतंत्र बंगल्यांच्या वसाहती पसरल्या. दूध-पावासाठीही गाडी काढावी लागते अशा त्या वसाहती पाहिल्या की चालत किनाऱ्यावर जाता येणारं बेनिदोर्म जास्त समंजस वाटतं.

बेनिदोर्मही त्या मोहातून पूर्ण सुटलं नाही. १९९२ च्या वणव्यात जळालेल्या डोंगरावर २००० मध्ये तेर्रा मितिका हे थीम पार्क उघडलं आणि २००४ मध्ये त्याची देणी थकली. २००२ मध्ये १८६ मीटर उंचीचं हॉटेल झालं. पोनिएंतेमागचा ४७ मजली जोड मनोरा मंदीत रखडला आणि २०२१ मध्ये कुठे पूर्ण झाला. त्याला लिफ्टच नाही अशी बातमी मध्यंतरी जगभर फिरली. ती खोटी होती, पण आजही कुणी ना कुणी ती पुढे पाठवतंच.

ज्याच्यावर सगळं तोललेलं आहे, ते पाणी मात्र बातम्यांत क्वचित येतं. १९७८ च्या दुष्काळात या शहराला जहाजांनी पाणी आणावं लागलं होतं. त्याच सुमारास परिसरातल्या गावांनी मिळून पाण्याची एकत्र व्यवस्था उभारली: दुष्काळात शेतकरी आपल्या वाट्याचं गोडं पाणी शहराला देतात आणि बदल्यात शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी शेतीला घेतात. १९६३ च्या दुरुस्तीत मजल्यांचा हिशेब होता, नळाचा नव्हता. तो पंधरा वर्षांनी, कोरड्या नळांसमोर, शेतकऱ्यांशी बोलून करावा लागला.