कृष्णविवर आटतं, पण आज नाही

कृष्णविवरांवर बोलायला उभं राहिलं की शेवटी एक प्रश्न हमखास येतो : ‘आतून प्रकाशही निसटत नाही म्हणता, मग हॉकिंगचं प्रारण येतं कुठून?’

प्रश्न रास्त आहे. आतून खरंच काही येत नाही. ज्याच्या आतून काहीच परत येत नाही ती सीमा म्हणजे घटना क्षितिज; ती भिंत नव्हे, पापुद्राही नव्हे. एम-८७ दीर्घिकेच्या मध्यभागी साडेसहाशे कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. भोवतालचा तापलेला वायू क्षणभर विसरा. त्याचं क्षितिज ओलांडणाऱ्या अंतराळवीराला आपण ते ओलांडलं हे कळणारही नाही. १९७४ साली स्टीफन हॉकिंग यांनी दाखवलं की क्वांटम नियमांनुसार अशा विवराला तापमान असतं, म्हणून ते प्रारण सोडतं आणि ऊर्जा गमावत आटत जातं. कणांची जोडी जन्मते, एक आत पडतो, दुसरा सुटतो, ही गोष्ट सांगायला सोपी. मीही सांगत आलोय. पण या प्रारणाची तरंगलांबी विवराच्या आकाराहून मोठी असते. ते अमुक जागेवरून निघालं, असं बोट ठेवून सांगता येत नाही.

खरी गंमत आकड्यांत आहे. केल्विनच्या एका अंशाचे दहा कोटी भाग करा; त्यातले सहा म्हणजे सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं तापमान. महास्फोटाची उरलेली ऊब मात्र आजही २.७ केल्विन आहे. म्हणजे आकाशच विवरापेक्षा कितीतरी गरम! विवर देतं त्याहून जास्त घेतं आणि वाढत जातं. आज आटायचं असेल तर त्याचं वस्तुमान चंद्राच्या सहा-दशांशाहून कमी हवं, आणि अशा विवराचा व्यास मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागाएवढा भरेल. असं काही अजून सापडलेलं नाही.

विश्व प्रसरत थंड होत गेलं की पारडं फिरेल. मग सूर्याएवढं विवर आटायला १ वर ६७ शून्यं इतकी वर्षं लागतील. महाकाय विवरांना १ वर १०० शून्यंही. आणि त्यांची तऱ्हा उलटी. चहा निवता निवता कढत होत जावा, तसं विवर जितकं आटतं तितकं तापतं.

सगळी विवरं आटल्यानंतर काय? २००५च्या सुमारास ब्रिटिश गणितज्ञ रॉजर पेनरोझ यांनी मांडलं की घड्याळाला वस्तुमान असलेले कण लागतात; तेव्हा प्रकाशाच्या कणांसारखे फक्त वस्तुमान नसलेले कण उरले, तर घड्याळ कशाचं करणार? काळ मोजता येत नाही, अंतरही नाही. मग ते अफाट, गार विश्व आणि पुढचा महास्फोट गणिताने एकमेकांना जोडता येतात. एक कल्प संपला, दुसरा सुरू.

कल्प म्हटलं की पूजेच्या संकल्पातलं ‘श्वेतवाराहकल्पे’ आठवतं. पण तो कल्प ४३२ कोटी वर्षांचा, आणि आपलं विश्व आत्ताच १३८० कोटींचं आहे. उगाच जुळवाजुळव नको. जयंत नारळीकरांनी हॉइल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसोबत १९९३मध्ये मांडलेलं आवर्ती विश्वही वेगळंच. ते आकुंचन पावतं आणि पुन्हा फुगतं. पेनरोझचं कधी आकुंचन पावतच नाही.

मागच्या कल्पातल्या विवरांच्या अखेरच्या उष्णतेच्या खुणा आपल्या आकाशात दिसतात, असा दावा पेनरोझ आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये केला : महास्फोटाच्या उरलेल्या उबेत चंद्रबिंबाच्या आठपट रुंदीचे किंचित उबदार ठिपके. इतरांनी संगणकावर महास्फोटाच्या नेहमीच्या सिद्धांतानुसार आकाशं तयार केली, तर तसे ठिपके तिथेही निघाले. मला तरी हा दावा पटलेला नाही.

त्याहून मोठी अडचण इलेक्ट्रॉनची. पेनरोझच्या कल्पनेत शेवटी वस्तुमान असलेला कण उरायलाच नको. त्याला वस्तुमान आहे, आणि विद्युतभार असलेला त्याहून हलका कणच नसल्यामुळे तो क्षय पावून जाणार कुठे? पेनरोझ म्हणतात, त्याचं वस्तुमानच हळूहळू विरत जाईल. तसं होताना अजून कुठल्याही प्रयोगशाळेत दिसलेलं नाही.