छातीतला डाग : फिल्मपासून पेट-सीटीपर्यंत

पुण्यात कर्करोगाच्या रुग्णाच्या छातीत डाग दिसला, की नातेवाइकांना बहुधा विचारले जाते, ‘पूर्वी कधी टीबी झाला होता का? जुनी एक्स-रे फिल्म आहे का?’ कारण डाग कर्करोगाचा की जुन्या टीबीचा, हे ठरवायचे असते. चित्रणाची साधने कितीही सुधारली, तरी हा प्रश्न काही सुटलेला नाही.

शरीरभरातून परतणारे रक्त फुफ्फुसांतील केशवाहिन्यांतून जाते; त्यामुळे स्तन, मोठे आतडे, मूत्रपिंड किंवा हाडे यांतील गाठींपासून सुटलेल्या पेशी तेथे अडकून रुजू शकतात. राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधल्यावर अशा गाठी जिवंत माणसात दिसू लागल्या खऱ्या, पण फिल्म म्हणजे अखेर सावली. बरगड्या, हृदय आणि फुफ्फुस तिच्यावर एकमेकांवर पडतात आणि सेंटिमीटरहून लहान गाठ त्यांच्याआड सहज लपते.

ही अडचण सीटी स्कॅनने दूर केली. ब्रिटिश अभियंते हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले गेले. अनेक कोनांतल्या छायांवरून आतला छेद उभा करण्याचे गणित गणितज्ञ राडॉन यांनी १९१७ मध्येच मांडले होते, आणि रेडिओ खगोलशास्त्रासाठी ते ब्रेसवेल यांनी १९५६ मध्ये स्वतंत्रपणे वापरले. पुणेकरांना जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे, नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप हे याच ब्रेसवेल यांचे विद्यार्थी. छातीच्या बाबतीत मात्र खरी अडचण श्वासाची होती; एकेक छेद घेताना फुफ्फुसे हलत राहत. १९८९ च्या सुमारास रुग्णाभोवती अखंड फिरत छेद घेणारे सर्पिल सीटी आले आणि ‘श्वास घ्या, रोखून धरा’ एवढ्या एका सूचनेत फुफ्फुसांचे चित्रण होऊ लागले. काही मिलिमीटरच्या गाठीही मोजता आल्या.

१९९८ मध्ये टाउनसेंड आणि नट यांनी पिट्सबर्गमध्ये पेट (शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी द्रव्याचे चित्र घेणारी पद्धत) आणि सीटी यांचे एकत्रित यंत्र चालवून पाहिले. पेटसाठी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर शिरेतून देतात. सुमारे ११० मिनिटांत तिचा किरणोत्सार निम्म्यावर येतो, म्हणून चित्रणाची सगळी घाई. कर्कपेशी साखर अधाशीपणे शोषून घेतात आणि पडद्यावर चमकतात. पण टीबीची सक्रिय गाठही तशीच चमकते, आणि आपल्याकडे टीबी काही दुर्मीळ नाही. त्यामुळे संशय उरला, की सीटीच्या मार्गदर्शनाखाली सुईने तुकडा काढावा लागतो.

त्याआधी मात्र कपाटातले पिवळे पडलेले पाकीट मागवले जाते. जुन्या फिल्मवर तोच ठिपका तेवढ्याच आकाराचा, चुना साचून पांढरा झालेला दिसला, तर तो बहुधा जुना, बरा झालेला व्रण ठरतो आणि पुष्कळदा सुईची गरजच उरत नाही.