खवटपणा अडवणारं पाकीट

अक्रोडाचं पाकीट बरेच दिवस उघडं राहिलं की त्याला खवट वास येऊ लागतो. बुरशी दिसत नाही, कीड नसते, तरी अक्रोड टाकून द्यावे लागतात. हे काम ऑक्सिजनचं. अक्रोडाच्या तेलात असंपृक्त मेदाम्लं भरपूर. त्यातल्या एखाद्या रेणूचा हायड्रोजन निसटला, की उरतो तो मुक्त मूलक, म्हणजे फ्री रॅडिकल: एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला, अस्वस्थ रेणू. तो ऑक्सिजनशी जोडला जातो आणि शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो. मग तो शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा. या साखळीतून तयार झालेले पदार्थ पुढे फुटतात आणि हेक्सानालसारखी छोटी, उडून जाणारी संयुगं सुटतात. नाकाला कळतो तो त्यांचा वास.

साखळी तोडायची तर आपला हायड्रोजन देऊनही शांत राहणारा कुणीतरी हवा. वनस्पतींमधली पॉलिफेनॉलं हेच करतात: हायड्रोजन देऊन टाकतात आणि एकटा पडलेला इलेक्ट्रॉन आपल्या अणूंच्या वलयात पसरवून घेतात. ग्रीन टीमधली कॅटेचिनं, रोझमेरीतलं कार्नोसिक आम्ल, डाळिंबाच्या सालीतलं प्युनिकॅलॅजिन ही त्यातली काही. मला यात साल विशेष आवडते; रस काढल्यावर ती एरवी कचऱ्यातच जाते.

अशा वनस्पतींचा अर्क पाकिटाच्या विघटनशील फिल्ममध्येच मिसळायचा, म्हणजे तो हळूहळू बाहेर पडून तेलाला जपेल, अशी ही कल्पना. प्रयोगशाळेतली कृती सोपी आहे. स्टार्च पाण्यात शिजवायचा, किंवा कोळंबीच्या कवचापासून मिळणारं कायटोसान सौम्य आम्लात विरघळवायचं. फिल्म वाळल्यावर तडकू नये म्हणून थोडं ग्लिसरॉल घालायचं, मग अर्क मिसळून सपाट ताटलीत पातळ थर वाळवायचा.

खरी कसोटी वेगाची. अर्क दोन दिवसांत बाहेर पडून संपला तर महिनाभर टिकवायच्या मालाला काय उपयोग? आणि फारच घट्ट धरला गेला तर तो तेलापर्यंत पोचतच नाही. जिलेटिनच्या फिल्ममध्ये हा पेच चांगला दिसतो. पॉलिफेनॉलं प्रथिनांना बांधून ठेवतात, चामडं कमावताना टॅनिन करतं तसंच. फिल्म मजबूत होते, पण अर्क आत अडकतो. कारखान्यात आणखी एक अडचण येते. पीएलए हे जैवप्लास्टिक वितळवायला साधारण 170 अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं, आणि नाजूक पॉलिफेनॉलं त्या उष्णतेत खराब होतात.

‘विघटनशील’ हा शब्दही जपून वाचावा. ईएन 13432 या युरोपीय मानकानुसार 6 महिन्यांत 90 टक्के विघटन व्हायला हवं, पण ते औद्योगिक कंपोस्टच्या उष्णतेत. समुद्रात पडलेलं पीएलए वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. स्टार्चची गोष्ट उलटी: ते सहज कुजतं आणि कोरडं असताना ऑक्सिजनही छान अडवतं, पण दमट हवेत मऊ पडतं. म्हणजे अक्रोडाला चालेल, ओल्या पदार्थाला नाही.

अर्कामुळे फिल्म पिवळट-तपकिरी होते. पारदर्शक पाकिटाची सवय झालेल्या ग्राहकाला ती जुनाट वाटेल. पण हेच पॉलिफेनॉलचे रेणू अतिनील किरणही शोषून घेतात, आणि खवटपणाच्या साखळीतला पहिला हायड्रोजन पुष्कळदा प्रकाशामुळेच सुटलेला असतो.