मुंबई का तुंबते: भरतीरेषा, नाले आणि पूर्वानुमान

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलीमीटर पाऊस पडला, तर त्याच काळात कुलाब्यात जेमतेम 73 मिलीमीटरची नोंद झाली. एकाच शहरातील दोन नोंदींमधली ही तफावत मुंबईच्या पूरप्रश्नाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. त्या दिवशी शहरात चारशेहून अधिक माणसे दगावली.

या प्रश्नाचे मूळ मात्र शहराच्या घडणीतच आहे. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडीतून भरतीचे पाणी आत शिरत असे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या काळात तेथे बांध घालण्यात आला, तो 1784च्या सुमारास पूर्ण झाला आणि सात बेटांमधली खाजणे हळूहळू भरावाखाली गेली. उमरखाडी, पायधुणी ही नावे तेथल्या पाण्याची साक्ष आजही देतात. भराव घातला, तरी बराच भूभाग भरतीच्या पातळीच्या आसपास किंवा तिच्याही खाली राहिला, त्यामुळे उधाणाच्या वेळी पर्जन्यजलवाहिन्यांतले पाणी समुद्रात जाण्याऐवजी समुद्राचेच पाणी वाहिन्यांत शिरू लागले.

शहर भागातल्या या वाहिन्यांचे जाळे शंभर वर्षांहून जुने आहे. ते आखताना समुद्राला ओहोटी असेल, पाऊस ताशी 25 मिलीमीटरहून अधिक नसेल आणि त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असे गृहीत धरले होते. वाड्या, मैदाने आणि मोकळी माती असलेल्या शहरासाठी ते हिशेब कदाचित पुरेसे असतील, पण डांबर आणि काँक्रीट वाढत गेले तसे मुरणारे पाणी जवळजवळ उरलेच नाही. 1985च्या पुरानंतर हाती घेतलेल्या अभ्यासातून 1993 मध्ये मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांच्या सुधारणेचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल तयार झाला. पडणारे सर्व पाणी वाहूनच जाणार असे मानून वाहिन्यांची क्षमता ताशी 50 मिलीमीटर करावी आणि भरतीच्या वेळी पाणी उपसण्यासाठी उदंचन केंद्रे उभारावीत, असे त्यात सुचवले होते. अहवाल वेळेवर हाती होता आणि तरीही पुढची बारा वर्षे त्यातले बहुतेक काम कागदावरच राहिले, हे आजही सलते.

दरम्यान मिठी नदीची कोंडी वाढत गेली. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन सुमारे 18 किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळणारी ही नदी विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते आणि वांद्रे-कुर्ला संकुलाचा भराव तिच्या खाजणांवर व खारफुटीवर पडला आहे. 2005च्या त्या दुपारी मुसळधार पाऊस आणि साडेचार मीटरच्या आसपासची भरती एकाच वेळी आली, तेव्हा पाण्याला पसरायला जागाच नव्हती.

त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली तथ्यशोधन समिती नेमली गेली, मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले आणि हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह यांसारखी उदंचन केंद्रे टप्प्याटप्प्याने उभी राहिली. माझ्या मते तितकाच महत्त्वाचा बदल मोजणीत झाला. कुलाबा आणि सांताक्रूझ एवढ्या दोन ठिकाणांच्या आकड्यांवरून शहराचा अंदाज बांधणे किती अपुरे आहे, हे उमगल्यावर विभागाविभागांत स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले गेले आणि दर पंधरा मिनिटांची नोंद हाती येऊ लागली. जून 2020 मध्ये पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि महापालिका यांनी ‘आयफ्लोज-मुंबई’ ही प्रणाली सुरू केली. पावसाचा अंदाज, भरतीची वेळ, जमिनीचा उंचसखलपणा आणि नाल्यांची क्षमता यांची सांगड घालून कोणत्या विभागात किती पाणी साचू शकते, हे ती आधी सांगू पाहते.

दादरजवळच्या हिंदमाता परिसरातल्या बशीसारख्या सखल भागातले पाणी भरती ओसरेपर्यंत साठवण्यासाठी जवळच्या उद्यानाखाली आणि मैदानाखाली बांधलेल्या टाक्या याच विचारातून आल्या आहेत. पाणी केव्हा धरायचे आणि केव्हा सोडायचे, हे तेथे पाऊस आणि भरती या दोन्हींच्या वेळांवर ठरते.