एलपीजी किट बसवलेल्या गाडीतले बिघाड शोधणं

पेट्रोलची गाडी नंतर गॅसवर केली की मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणं), झटके, पिकअप पडणं, सिग्नलला उभी असताना बंद पडणं अशा तक्रारी येतात, त्यांचं मूळ किटमध्ये आहे की इंजिनात हे ठरवणं म्हणजेच हे काम. सुरुवात नेहमी एकाच गोष्टीने करायची, स्विच पेट्रोलवर टाकून गाडी नीट फिरवून बघायची. तोच त्रास पेट्रोलवरही होत असेल तर किटला हात लावायचं काही कारण नाही, तरी कितीतरी जण आधी गॅसचं ट्यूनिंग फिरवून बसतात आणि मग एका बिघाडाचे दोन होतात.

पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर मिसिंग, म्हणजे दोष किटचाच असं मात्र धरू नये. गॅस आणि हवेच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग, चीर गेलेली प्लगची वायर किंवा कमजोर कॉइल पेट्रोलवर कशीबशी निभावून जाते आणि गॅसवर, तेही चढावर किंवा एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर, उघडी पडते. प्लगला वेगळ्या वायरी असलेल्या गाडीचं बॉनेट रात्री अंधारात उघडून इंजिन चालू ठेवून बघा, वायर लीक असेल तर निळसर ठिणग्या चक्क डोळ्यांना दिसतात (वायरीला हात लावू नका). जुन्या मिक्सर किटमध्ये हे दुर्लक्ष फार महागात पडतं, कारण तिथे पूर्ण इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारी नळी) गॅसमिश्रित हवेने भरलेला असतो, एक ठिणगी चुकली की बॅकफायर होऊन, म्हणजे ते मिश्रण मॅनिफोल्डमध्येच पेटून, एअर फिल्टरचा डबाच फुटू शकतो. सिक्वेन्शियल किटमध्ये गॅस प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी सोडला जातो म्हणून हा धोका खूप कमी.

दुसरी जागा म्हणजे रिड्यूसर. टाकीतला द्रव गॅस इथे वाफ होतो आणि वाफ होताना भरपूर उष्णता ओढून घेतो, ती इंजिनच्या कूलंटमधून मिळते. इंजिन गरम होऊनही रिड्यूसरवर बाहेरून बर्फ धरत असेल तर गरम कूलंट तिथे पोचतच नाहीये, म्हणजे लेव्हल कमी, हवा अडकलेली, पाइप चोक किंवा थर्मोस्टॅट उघडा राहिलेला. रिड्यूसरला जाणारे-येणारे दोन्ही कूलंट पाइप जपून चाचपले की कळतं, दोन्ही गरम पाहिजेत. सिक्वेन्शियल किट रिड्यूसर साधारण 30 ते 40 अंशांपर्यंत तापला की गॅसवर येतं, कूलंट कमी असलं की ते येतच नाही आणि लोक उगाच स्विच बदलतात. आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचं चालणं) खालीवर होत असेल तर रिड्यूसरचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) कडक झालाय का, आत काळं तेलकट साठलंय का ते बघावं.

गाडी आयडलला मस्त पण हायवेला दम सोडते आणि बीप देऊन आपोआप पेट्रोलवर जाते, हे बहुतेक वेळा गॅसचा फिल्टर चोक झाल्याचं लक्षण, कारण जोर लागला की प्रेशर टिकत नाही.

चेक इंजिन लाइटचं थोडं फसवं असतं. गॅसचा ईसीयू (कंट्रोल करणारा छोटा कॉम्प्युटर) पेट्रोल इंजेक्टरचेच सिग्नल घेऊन त्यावर गॅसचं माप ठरवतो, मॅपिंग चुकलं की पेट्रोलचा ईसीयू ते भरून काढायला फ्युएल ट्रिम (इंधनाच्या मापातली कमीजास्त दुरुस्ती) सरकवत राहतो, लाइट लागतो आणि शेवटी गाडी पेट्रोलवरही नीट चालत नाही. स्कॅनर लावून दोन्ही इंधनांवरचे ट्रिम शेजारी शेजारी बघितले की घोळ लगेच कळतो. टाकीत पेट्रोल कायम तळाला ठेवणंही वाईट, पंप पेट्रोलनेच थंड राहतो, तो गेला की सकाळी स्टार्टच नाही.

वास आला तर बाकी सगळं बाजूला. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली बसतो, म्हणून असं काम खड्ड्यावर किंवा तळघरात करू नये आणि लीक साबणाच्या पाण्यानेच शोधावा, काडी पेटवून कधीच नाही. पाइप सोडायच्या आधी टाकीवरचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधला गॅस संपेपर्यंत इंजिन चालवतात. मल्टीव्हॉल्व्ह (गॅसच्या टाकीवरचा व्हॉल्व्हांचा संच) मात्र स्वतः खोलायचा नाही, गॅसचा काटा शून्यावर असला तरी टाकीत दाबाखालचा गॅस शिल्लक असतो.